पतसंस्थेच्या अहवालातले लाख-कोटींचे स्वल्पविराम, उलटलेल्या तारखा आणि मराठी अंक

तुमच्या अडचणी तीन आहेत. पतसंस्थेच्या मासिक अहवालात रकमा १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ अशा दिसतात, आणि तुमच्या कॉम्प्युटरवर नीट दिसलेली फाईल अध्यक्षांच्या लॅपटॉपवर पुन्हा बिघडते. सॉफ्टवेअरमधून काढलेल्या मुदत ठेवींच्या यादीत काही तारखा उलट्या होतात, तर काही सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसतात. आणि वार्षिक अहवालात आकडे मराठीत हवेत. या सगळ्यावर तुम्ही एक्सेलचा एखादा कस्टम फॉरमॅट कोड मागितला आहे. पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीवर कोड आहे. दुसरीवर नाही, आणि तिथे कोड लावून पाहणं धोक्याचं आहे. का, ते सविस्तर सांगतो, कारण सहकारातले अहवाल करताना मी सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजातून होताना पाहिलं आहे.

फॉरमॅट कोड सेलमधल्या आकड्याला हात लावत नाही. तो आकडा कसा दाखवायचा एवढंच तो ठरवतो. एका रिकाम्या सेलमध्ये ४५३८३ लिहा आणि त्याला तारखेचा फॉरमॅट द्या, तिथे १ एप्रिल २०२४ दिसेल. त्याच सेलला रकमेचा फॉरमॅट द्या, ४५,३८३ दिसेल. आत दोन्ही वेळा ४५३८३ च आहे, कारण एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचा दिवसांचा क्रमांक धरतं. म्हणून कोणताही सेल विचित्र वागला की मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि टिल्ड (~) ही तीन बटणं एकत्र दाबतो. सेल जनरल फॉरमॅटमध्ये जातो आणि आत खरोखर काय आहे ते दिसतं. पाहून झालं की कंट्रोल-झेड. ही सवय लावून घ्या, पुढचं अर्धं काम तिथेच होतं.

कोड लिहायची जागा तुम्हाला माहीत असेलच: कंट्रोल-१, नंबर, कस्टम, आणि टाइपची चौकट. खाली जे कोड स्वतंत्र ओळीत दिले आहेत ते जसेच्या तसे टाइप करा, त्यातले अंक इंग्रजीच ठेवायचे. तारखांच्या कोडमधली अक्षरं मी डी, एम, वाय अशी लिहिली आहेत, ती मात्र रोमन लिपीत टाइप करायची.

पायाभूत चिन्हं तीन. 0 म्हणजे इथे अंक दिसलाच पाहिजे, नसला तर शून्य दाखव. # म्हणजे असला तर दाखव, नसला तर सोडून दे. ? म्हणजे नसला तर तेवढी मोकळी जागा सोड, म्हणजे दशांश चिन्हं एकाखाली एक येतात. कोडचे जास्तीत जास्त चार भाग असतात आणि मध्ये अर्धविराम: धन रक्कम, ऋण रक्कम, शून्य आणि मजकूर, याच क्रमाने. तेरीज पत्रकासाठी (ट्रायल बॅलन्स) मी वर्षानुवर्षं हा कोड वापरतो:

#,##0.00_);(#,##0.00);"–"_);@

ऋण रक्कम कंसात येते, शून्याच्या जागी आडवी रेघ येते. _) या जोडीचा अर्थ "बंद कंसाच्या रुंदीएवढी जागा सोड" असा आहे. ती नसेल तर कंसातल्या आणि बिनकंसातल्या रकमांचे पैसे एका रेषेत येत नाहीत आणि रकाना वेडावाकडा दिसतो. शून्याला रेघ देण्याबद्दल मी आग्रही आहे. पन्नास शाखांच्या तक्त्यात ०.०० चा सडा पडला की जिथे खरोखर थकबाकी आहे तो आकडा डोळ्याला सापडत नाही.

आता लाख-कोटी. पुष्कळ जण #,##,##0 असा कोड लिहून पाहतात. लिबरऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीटमध्ये तो चालतो. एक्सेलमध्ये चालत नाही, कारण एक्सेल अंकांच्या मधला स्वल्पविराम कुठे ठेवला आहे ते बघतच नाही. त्याला एवढंच कळतं की गट पाडायचे आहेत. गट तीन-तीनचे की आपल्यासारखे, हे ते विंडोजला विचारतं. म्हणूनच तुमची फाईल अध्यक्षांकडे बिघडते. फाईल तीच असते, पण त्यांच्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकेची आहे.

म्हणजे पहिला उपाय विंडोजमध्ये आहे. कंट्रोल पॅनेल, रीजन, ॲडिशनल सेटिंग्ज, आणि तिथे नंबर्सच्या पानावर डिजिट ग्रुपिंग. त्यात १२,३४,५६,७८९ हा नमुना निवडा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. साधा #,##0 लगेच लाख-कोटींत दिसू लागेल, ऋण रकमांसकट. संस्थेच्या सगळ्या मशीनवर हे एकदा करून टाका. माझ्या मते कार्यालयातल्या कामासाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

पण फाईल बाहेर जाणार असेल, लेखापरीक्षकांकडे किंवा परदेशातल्या एखाद्या सभासदाकडे, तर स्वल्पविराम कोडमध्येच कोरावे लागतात:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

बॅकस्लॅशनंतर आलेला स्वल्पविराम हा गट पाडणारा राहत नाही. तो निव्वळ एक चिन्ह म्हणून त्या जागी छापला जातो. चौकटी कंसात अट आहे: रक्कम कोटी किंवा जास्त असेल तर पहिला भाग, लाख किंवा जास्त असेल तर दुसरा, बाकी सगळं तिसऱ्यात. अटी का लागतात ते समजून घ्यायचं असेल तर फक्त ##\,##\,##0 लावून ५० हजार लिहून पाहा. ,५०,००० असं दिसेल, सुरुवातीला एक अनाथ स्वल्पविराम घेऊन. पैसे दाखवायचे असतील तर तिन्ही भागांच्या शेवटी .00 जोडा.

या कोडची मर्यादा कोणी सांगत नाही. एक्सेल एका कोडमध्ये दोनच अटी घेतं. दोन्ही धन रकमांसाठी खर्च झाल्या, त्यामुळे ऋण रकमा तिसऱ्या भागात पडतात आणि -१,२३४,५६७ अशा दिसतात. तोट्याचे किंवा परताव्याचे आकडे असलेल्या अहवालात एकाच पानावर दोन पद्धती होतात, आणि हे चुकीपेक्षाही वाईट दिसतं. त्यावर मार्ग कंडिशनल फॉरमॅटिंगचा (अट पूर्ण झाली तरच लागणाऱ्या फॉरमॅटचा) आहे, कारण तिथेही नंबर फॉरमॅट देता येतो. -१,००,००० किंवा त्याहून कमी रकमेसाठी ##\,##\,##0 हा एकाच भागाचा कोड द्या, आणि -१,००,००,००० किंवा त्याहून कमी रकमेसाठी ##\,##\,##\,##0 द्या. दुसरा नियम यादीत वर ठेवा. कोडला भाग एकच असला की वजा चिन्ह एक्सेल स्वतः लावतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लवकरच विचाराल, म्हणून रकमा "लाखांत" दाखवण्याबद्दलही सांगतो. कोडच्या शेवटी एक स्वल्पविराम दिला की एक्सेल दाखवताना हजाराने भागतं, दोन दिले की दहा लाखांनी. हे सगळं हजार आणि मिलियनच्या हिशेबाने बनवलेलं आहे, त्यात लाख कुठेच बसत नाही. तरी एक छान वाट आहे:

0\.00,

शेवटचा स्वल्पविराम ४,५६,७८९ ला हजाराने भागतो, पूर्णांकात ४५७ उरतात. मधला टिंब बॅकस्लॅशमुळे दशांश चिन्ह राहत नाही, शेवटच्या दोन अंकांच्या आधी तो नुसता छापला जातो. दिसतं ४.५७, म्हणजेच लाखांतली रक्कम, आणि सेलमध्ये ४,५६,७८९ शाबूत. कोटीसाठी 0\.0,, लिहा, एक दशांश मिळेल. चार दशांश हवे असतील तर 0\.0000, लिहा. हे सूत्र ज्याने कोणी पहिल्यांदा शोधलं त्याच्या बुद्धीला मी मनापासून दाद देतो.

यावरून लोक पुढची पायरी गाठतात:

[>=10000000]0\.0,," कोटी";[>=100000]0\.00," लाख";#,##0

कोड बरोबर आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत पडद्यावर एकच मोठा आकडा दाखवायचा असेल, "एकूण ठेवी १२.४ कोटी", तर जरूर वापरा. शाखानिहाय रकान्यात मात्र वापरू नका. एका ओळीत १.२ कोटी आणि खाली ९४.५७ लाख आलं की डोळा आधी आकडा वाचतो, शब्द नंतर. घाईत वाचणाऱ्याला खालची शाखा मोठी वाटते. रकान्यात एकच एकक ठेवा आणि ते मथळ्यात लिहा: "(₹ लाखांत)". कंपन्यांच्या ताळेबंदासाठी तर कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीतच सांगितलं आहे की एकदा निवडलेलं एकक सगळीकडे तेच ठेवायचं. पतसंस्थेला ती अनुसूची लागू नाही, पण शिस्त चांगली आहे. ₹ चिन्हही प्रत्येक सेलमध्ये नको, मथळ्यात आणि बेरजेच्या ओळीत पुरे.

लाखांत दाखवलं की एक गोष्ट हमखास होते. तीन शाखांच्या ठेवी ३.४४, ३.४४ आणि ३.४४ लाख आहेत असं धरा. एका दशांशात त्या ३.४, ३.४, ३.४ दिसतात. खालची बेरीज १०.३२, म्हणून १०.३ दिसते. वार्षिक सभेत एखादे सभासद कॅल्क्युलेटर घेऊन उभे राहतात आणि म्हणतात, "साहेब, हे १०.२ होतात." त्यांचं बरोबर असतं. तुमचंही बरोबर असतं. पण त्या क्षणी सभागृहाला एवढंच दिसतं की संस्थेचा हिशेब जुळत नाही. पतसंस्था विश्वासावर चालते, त्यामुळे हा दशांश मी कधीही किरकोळ मानलेला नाही.

इथे दोन वाटा आहेत आणि दोन्हींची किंमत आहे. राउंड फंक्शनने प्रत्येक आकडा खरोखर एका दशांशात आणून मग बेरीज करायची, तर तक्ता आतल्या आत जुळतो पण मूळ ताळेबंदाशी तुटतो. नाहीतर बेरीज खऱ्या आकड्यांची ठेवायची आणि तक्त्याखाली टीप द्यायची की रकमा पूर्णांकित केल्यामुळे बेरजेत किरकोळ फरक दिसू शकतो. मी नेहमी दुसरी वाट घेतो. ताळेबंदाशी जुळणारी बेरीज हे माझ्यासाठी न सोडायचं टोक आहे. एक्सेलच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये "सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड" असं एक खूणचौकोन आहे, तो या दुखण्यावरचं औषध वाटतो. त्याला हात लावू नका. तो वर्कबुकमधला प्रत्येक आकडा दिसतो तेवढाच कायमचा कापून टाकतो. नंतर खूण काढली तरी पैसे परत येत नाहीत.

आता तारखा, म्हणजे तुमची खरी डोकेदुखी.

तुमच्या सॉफ्टवेअरची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) बहुधा तारखा महिना-दिवस-वर्ष या क्रमाने काढते आणि तुमचं विंडोज दिवस-महिना-वर्ष समजतं. किंवा याच्या उलट. फाईलवर डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक तारीख स्वतःच्या समजुतीने वाचतं. ०७/०८/२०२४ ही ८ जुलै होती, ती ७ ऑगस्ट म्हणून वाचली जाते, एक शब्द न बोलता. ०७/२५/२०२४ मात्र वाचताच येत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. मग तो मजकूर म्हणून तसाच राहतो. डाव्या कडेला चिकटलेल्या तुमच्या तारखा त्या याच. म्हणजे यादीतल्या डावीकडच्या तारखा प्रत्यक्षात निर्दोष आहेत आणि उजवीकडच्या, नीटनेटक्या दिसणाऱ्या तारखा चुकलेल्या आहेत. लोक नेमकं उलटं समजतात आणि डावीकडच्या हाताने दुरुस्त करत बसतात.

किती तारखा अशा गुपचूप उलटू शकतात? ज्यांचा दिवस १२ किंवा त्याहून कमी आहे अशा वर्षात १४४. त्यातल्या ५ मे, ८ ऑगस्ट अशा बारा तारखा उलटूनही त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षातल्या ३६५ पैकी १३२, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त.

याचा चटका मला स्वतःला बसला आहे. एका संस्थेसाठी मुदतपूर्तीची यादी काढली होती, त्यावरून ठेवीदारांना पत्रं गेली. एक आजोबा ८ जुलैला पावती घेऊन काउंटरवर आले. पावतीवर मुदत ७ ऑगस्टची होती. नातीच्या प्रवेशाचे पैसे त्या दिवशी भरायचे असं ते ठरवून आले होते. माझ्या यादीवर सुंदर फॉरमॅट लावलेला होता, महिन्याचं नाव अक्षरात होतं, आणि तारीख चूक होती. त्या दिवसापासून मी फॉरमॅट लावण्याआधी आतला आकडा तपासतो.

उलटलेली तारीख कोणत्याही फॉरमॅट कोडने सुलटी होत नाही. कोड ७ ऑगस्टला "०८/०७" असं दाखवून तुम्हाला बरं वाटवू शकतो, पण त्या तारखेवर लावलेलं व्याज, मुदत, थकबाकीचे दिवस, सगळं ७ ऑगस्टवरूनच मोजलं जाईल. म्हणून मूळ सीएसव्हीकडे परत जा. ती डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" घ्या, ट्रान्सफॉर्म निवडा, आपोआप लागलेली "चेंज्ड टाइप" ही पायरी पुसून टाका, मग तारखेच्या रकान्यावर चेंज टाइपमध्ये "युजिंग लोकेल" निवडा (लोकेल म्हणजे एखाद्या भाषेची आणि देशाची लिहिण्याची पद्धत). तिथे डेट आणि ज्या देशाच्या पद्धतीने फाईल लिहिली आहे तो देश द्या, महिना आधी असेल तर अमेरिकेचं इंग्रजी. जुनं एक्सेल असेल तर "टेक्स्ट टू कॉलम्स"च्या तिसऱ्या पायरीवर डेट निवडून क्रम सांगता येतो, पण तो आधी न उलटलेल्या, मजकूर स्वरूपातल्या रकान्यावरच लावा. दोन्हीकडे एक चूक सगळे करतात: तुम्हाला हवा असलेला क्रम निवडतात. तिथे फाईलमध्ये आहे तो क्रम सांगायचा असतो. हवा तो क्रम नंतर फॉरमॅटने मिळतो.

आणल्यावर एका मोकळ्या रकान्यात इझनंबर फंक्शन लावा. सगळीकडे ट्रू आलं म्हणजे सगळ्या खऱ्या तारखा. एकही फॉल्स असेल तर पुढे जाऊ नका. शिवाय सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी तारीख मिन आणि मॅक्सने काढून पाहा. वर्ष दोन अंकी टाइप करायची सवय असेल तर इथेच सापडते. विंडोजची मर्यादा बऱ्याच मशीनवर अशी असते की २९ पर्यंतची वर्षं २००० नंतरची आणि ३० पासूनची १९०० नंतरची धरली जातात. २०३० ला पिकणारी ठेव "३०" लिहिल्यामुळे १९३० ला पिकलेली दिसते.

आता तारीख खरी आहे याची खात्री झाली, तर फॉरमॅट सोपा आहे. डी दोनदा म्हणजे ०५, तीनदा म्हणजे वाराचं छोटं नाव, चारदा म्हणजे पूर्ण वार. एम दोनदा म्हणजे ०४, तीनदा म्हणजे महिन्याचं छोटं नाव, चारदा म्हणजे पूर्ण. वाय दोन किंवा चार. छापील अहवालासाठी माझी शिफारस एकच: डीडी-एमएमएम-वायवायवायवाय. महिना अक्षरात असला की वाचणाऱ्याला शंका उरत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरला पाठवायची फाईल असेल तर वर्ष-महिना-दिवस, सगळं अंकात, जसं आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलं आहे. त्याचा आणखी फायदा म्हणजे ती मजकूर झाली तरी क्रमाने लागते. एक सावधगिरी: एम हेच अक्षर मिनिटांसाठीही आहे. ते तासाच्या एचनंतर किंवा सेकंदाच्या एसआधी आलं की एक्सेल मिनिटं समजतं.

हजेरी पत्रकात जादा तासांची बेरीज २७:३० ऐवजी ३:३० दिसत असेल तर एचला चौकटी कंसात घाला. तास मग चोविसावर शून्य होत नाहीत.

आर्थिक वर्षाचा फॉरमॅट कोड नाही, शोधत बसू नका. ईडेट फंक्शनने तारीख तीन महिने मागे न्या आणि तिचं वर्ष काढा. ३१ मार्च २०२४ चं २०२३ येतं, १ एप्रिल २०२४ चं २०२४. तेच आर्थिक वर्षाचं सुरुवातीचं साल.

याच घरातली आणखी एक अडचण आपल्या ग्रामीण संस्थांमध्ये रोज होते. तारण जमिनीच्या यादीत सर्व्हे नंबर आणि हिस्सा १२/३ असा लिहिला की एक्सेल त्याची १२ मार्च करतं. ५/४५ ची मे-४५ करतं. कोणी "७/१२" असं लिहिलं तर ७ डिसेंबर होतो. आता जनरल फॉरमॅट देऊन मूळ आकडा परत येईल असं वाटतं, पण येत नाही. तिथे पाच आकडी दिवसांचा क्रमांक दिसतो, हिस्सा गेलेला असतो. म्हणून टाइप करण्याआधी पूर्ण रकान्याला @ हा कोड, म्हणजे टेक्स्ट, देऊन ठेवायचा. नंतर दिला तर उपयोग नाही. हे दुखणं फक्त तलाठ्याच्या उताऱ्यांपुरतं नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या इंग्रजी संक्षेपासारखी नावं असलेली मानवी जनुकंसुद्धा एक्सेल तारखा करून टाकत होतं, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्या जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं.

खाते क्रमांक, मोबाईल नंबर, आधार यांचंही तेच. ज्यांची बेरीज कधी करायची नाही ते मजकूर म्हणून ठेवा. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच आकडा नीट धरतं. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि तो कोणताही फॉरमॅट परत देत नाही. खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्यं मात्र कोडने दाखवता येतात: सहा अंकी असेल तर 000000. ती दाखवलेली शून्यं आहेत हे लक्षात ठेवा. दुसऱ्या यादीशी जुळवणी करताना सेलमधला आकडा शून्याविनाच असतो, आणि तिथे तोच क्रमांक मजकूर असेल तर जुळत नाही.

मराठी अंकांचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि करायला सगळ्यात आनंद देणारा. आकडे पुन्हा देवनागरीत टाइप करू नका. आतला आकडा आहे तसा राहू द्या आणि कोडच्या सुरुवातीला हा चौकटी कंस लावा:

[$-4000439]#,##0.00

यातलं सुरुवातीचं ४ म्हणजे देवनागरी अंक, शेवटचे ४३९ म्हणजे हिंदी भाषा. नुसत्या रकमांना भाषेने फरक पडत नाही. तारखेत महिन्याचं नाव हवं असेल तर पडतो, कारण हिंदीत "अप्रैल" येईल. मराठीसाठी त्या क्रमांकातले शेवटचे ३९ काढा आणि तिथे ४ व रोमन लिपीतलं ई लिहा. मग डीडी एमएमएमएम वायवायवायवाय या कोडने "०१ एप्रिल २०२४" असं, महिन्यासकट, मराठीत दिसतं. लाख-कोटींचा अटींवाला कोड वापरत असाल तर हा कंस तिन्ही भागांत घालावा लागतो. फॉन्ट युनिकोडचा हवा, मंगल किंवा निर्मला चालतो. सूत्रं, बेरजा, क्रमवारी, काहीही बिघडत नाही, आणि मराठीत छापलेला अहवाल वाचताना ज्येष्ठ सभासदांच्या चेहऱ्यावर जो दिलासा दिसतो त्यासाठी एवढे कष्ट मला नेहमी योग्य वाटले आहेत. संस्थेची वेबसाईट करणारे असतील तर त्यांना सांगा की ब्राउझरमध्ये मराठी लोकेल दिलं की अंक आपोआप देवनागरीत आणि लाख-कोटींत येतात. हिंदी लोकेल दिलं तर अंक मुळात इंग्रजीच येतात.

टेक्स्ट फंक्शनबद्दल थोडं. पत्राच्या मजकुरात रक्कम किंवा तारीख गुंफायची असेल तर ते लागतंच, आणि हेच कोड त्यात अवतरण चिन्हांत चालतात. कोडमध्ये स्वतःची अवतरण चिन्हं असतील तर ती दुहेरी करायची. पण त्यातून बाहेर येतो तो मजकूर. त्या सेलांची बेरीज केली तर शून्य येते. म्हणून अहवालाच्या तक्त्यात फॉरमॅट, आणि वाक्यात टेक्स्ट.

आणि हेच कोड उद्या दुसरीकडे नेलेत तर एमकडे बघा. एक्सेलला लहान-मोठ्या एमचा फरक नाही. प्रोग्रॅमिंगसाठीच्या डॉटनेट आणि जावामध्ये मोठा एम महिना आणि लहान एम मिनिटं. पायथनमध्ये टक्क्याच्या चिन्हासह याच्या अगदी उलट. जावामध्ये मोठा वाय तर आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष देतो. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत तो पुढचं साल दाखवू शकतो, आणि वर्षभर चाललेला अहवाल नेमका वर्षअखेरीला चुकतो.

फाईल पाठवण्याआधी मी एका कोऱ्या शीटवर तोच कोड लावून काही ठरावीक रकमा टाइप करतो: ०, -५०, ९९,९९९, १,००,०००, -१२,३४,५६७, १,००,००,००० आणि मुद्दाम ९९,९९९.६०. शेवटची रक्कम बिनपैशाच्या कोडमध्ये नीट पाहा. अट तपासताना एक्सेल खरा आकडा बघतं, आणि तो लाखाच्या आत आहे, म्हणून तो तिसऱ्या भागात जातो. तिथे पूर्णांक होऊन तो १००,००० असा, परदेशी थाटात दिसतो. अटी 99999.5 आणि 9999999.5 अशा लिहिल्या की हेही सुटतं.